पुराणवस्तू आणि तिचा पंचनामा

पुराणवस्तुसंग्रहालय म्हणजे जुन्या, दुर्मिळ आणि देखण्या वस्तूंचे भांडार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शाळेची सहल असो की सुट्टीवर निघालेले कुटुंब, काचेपुढे उभे राहिल्यावर प्रश्न दोनच पडतात: हे किती जुने, आणि आज याचे किती येतील? संग्रहालयेही बहुधा याच प्रश्नांना धरून चालतात. मूर्तीखालच्या पट्टीवर नाव, धातू किंवा दगडाचा प्रकार, शतक आणि फार तर जिल्हा एवढाच मजकूर असतो. तो वाचून होईपर्यंत प्रेक्षक पुढच्या कपाटाशी पोचलेला असतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

ही समजूत उथळ आहे. जमिनीतून निघालेली वस्तू आधी पुरावा असते, मग कलाकृती किंवा ठेवा. आणि पुराव्याचे बळ तो कुठे, कोणत्या थरात, कशाच्या सोबतीने मिळाला यावर ठरते. पंचनामा न करता उचललेला मुद्देमाल कोर्टात टिकत नाही, तसेच हेही आहे. म्हणून संग्रहालयाची प्रत ठरवताना तिथे किती मूर्ती आहेत यापेक्षा त्या मूर्तींच्या सापडण्याची हकीकत कितपत सांगितली आहे हे आधी पाहावे. हे म्हणणे पुढे टप्प्याटप्प्याने मांडले आहे.

१. पांढर, थर आणि पेव

महाराष्ट्रात जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणतात. मातीची घरे पडतात, त्याच मातीवर पुढची पिढी नवे घर बांधते. चुलीतली राख, फुटकी मडकी, जनावरांची हाडे तिथेच पडत राहतात आणि शेकडो वर्षांत जमीन काही मीटर उंच होते. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. शाळेच्या पुस्तकातला नियम इथे संपतो, पण प्रत्यक्षात काम इथून सुरू होते. वरच्या थरात राहणाऱ्याने धान्यासाठी पेव खणले की ते खालच्या दोन-तीन थरांना भेदून जाते. त्या पेवात पडलेले खापर शेजारच्या, त्याच खोलीवरच्या खापरापेक्षा कित्येक शतकांनी नवे असू शकते. घुशींची बिळे, झाडांची मुळे, पाया खणताना वर आलेली माती हेही घोटाळे करतात. म्हणून उत्खनन करणारा नुसती खोली मोजत नाही. मातीचा रंग आणि पोत, राखेची रेघ, चोपलेल्या जमिनीचा पातळ पट्टा पाहून पेवाची कड कोणत्या थरातून सुरू होते हे तो शोधतो आणि मगच वस्तू कोणत्या थरात घालायची हे ठरवतो.

या नोंदीने काय साधते ते एका नाण्यावरून कळते. घराच्या चोपलेल्या जमिनीखाली एखाद्या राजाचे नाणे निघाले, तर ती जमीन त्या राजाच्या आधी केलेली असणे शक्य नाही. तिच्यावर मांडलेली चूल, रांजण, जाते हे सगळे त्यानंतरचे. एका नाण्याने सगळे घर कालक्रमात बसते. तेच नाणे सराफाकडून विकत घेतलेले असेल तर ते राजाचे नाव आणि धातूचा कस सांगून गप्प बसते, आणि तेवढे त्याच राजाच्या इतर नाण्यांनी आधीच सांगितलेले असते. नाणे तेच, पण घर हातचे गेलेले असते. पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेण्याची चाल जुनी आहे. तिच्याबरोबर किती घरे अशी गेली असतील याचा हिशेब कुणाकडेच नाही.

२. इनामगावची मातीची पेटी

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील इनामगाव इथे घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. १६०० ते ७०० या अवधीतील शेतकऱ्यांची ही वस्ती. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली मातीची लंबगोल, झाकण असलेली पेटी मिळाली. पेटीत कच्च्या मातीची एक स्त्रीमूर्ती होती; झाकणावर आणखी एक स्त्रीमूर्ती, तिला डोके नाही, आणि तिच्यासोबत एक बैल. या बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक आहे, बैलाच्या पाठीलाही भोक आहे. दोन्ही भोकांत काडी घातली की मूर्ती बैलावर बसते.

या वस्तू देखण्या नाहीत. हाताने चिमटून केलेली, न भाजलेली माती. कुंभाराच्या पोराने खेळता खेळता करावी अशी. पांढरीची माती उपसताना त्या सुट्या हाती लागल्या असत्या तर ढेकूळ म्हणून फुटल्या असत्या, आणि एखाद्याने जपल्या असत्या तरी पट्टीवर ‘मृण्मय मूर्ती, ताम्रपाषाणयुग’ यापलीकडे लिहायला काही उरले नसते. घराखाली, पेटीत, एक आत आणि एक बाहेर, बैलासह, असे सगळे जागच्या जागी टिपले गेले म्हणून या मूर्ती मुद्दाम पुरल्या होत्या, डोके नसणे हा अपघात नव्हता आणि देवी व बैल यांची जोडी त्या घराच्या श्रद्धेत होती, असा तर्क करता येतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या दख्खनी शेतकऱ्याच्या धर्माविषयी बोलण्यासारखा पुरावा आधीच थोडा आहे, आणि त्यातला मोठा वाटा या कच्च्या मातीचा आहे. ते मोल मूर्तिकाराने दिलेले नाही. नोंद करणाऱ्याने ते वाचवले.

३. सोपाऱ्याचे करंडक: एकत्र सापडण्याचा अर्थ

आता उलट बाजूचे उदाहरण, जिथे वस्तू मौल्यवानही आहेत. नालासोपाऱ्याजवळच्या ज्या टेकाडाला गावकरी बुरुड राजाचा कोट म्हणत, ते १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी खणले. आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यात दगडी करंडा होता; त्यात मधोमध तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. भगवानलालांच्या मते ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून पुजलेले असावेत. तांब्याच्या करंडकाभोवती आठ लहान धातुमूर्ती वर्तुळात मांडलेल्या होत्या: सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय. याच ठेव्यात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही होते, आणि ते झिजलेले नव्हते.

गाठ इथे पडते. यज्ञश्रीचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा शेवट. मूर्तींची घडण मात्र आठव्या-नवव्या शतकाची मानली जाते. सहाशे वर्षांचे अंतर एका दगडी करंड्यात कसे मावले? स्तूप मध्यंतरी कुणी उघडला, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला, हे एक उत्तर. सगळा ठेवा उशिरा रचला आणि जपून ठेवलेले जुने नाणे त्यात घातले, हे दुसरे; पण न झिजलेले नाणे इतकी शतके कोरे राहावे हे जरा कठीण वाटते. उत्तर कोणतेही घ्या, सोपाऱ्याचे बौद्ध केंद्र सातवाहनांबरोबर संपले नाही, ही गोष्ट दोन्हींतून निघते.

हा ठेवा संग्रहालयाच्या नेहमीच्या पद्धतीने मांडला तर काय होईल? नाणे नाण्यांच्या दालनात, मूर्ती धातुशिल्पांत, स्फटिकाचा करंडक शोभेच्या वस्तूंत जाईल. प्रत्येक वस्तू आपापल्या ठिकाणी उठून दिसेल, पट्टीवरचे शतकही बिनचूक असेल, आणि प्रश्न मात्र नाहीसा होईल. दगड, धातू, माती अशी साहित्यानुसार दालने पाडण्याची पद्धत साफसफाईला आणि जतनाला सोयीची आहे हे खरे. पण ती एकत्र सापडलेल्यांची ताटातूट करते. सोपाऱ्याचा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने एकत्र राखला, ही त्या ठेव्याइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

४. दायमाबाद: नोंद नसल्याची किंमत

प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद इथे १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचा बुडखा खणून काढताना चार मोठ्या धातुमूर्ती मिळाल्या: बैलांचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. एकत्रित वजन साठ किलोच्या वर. रथ ४५ सेंटिमीटर लांब. दोन बैल, मागे उभा सारथी, आणि रथाच्या दांडीवर चक्क एक कुत्रा. भारतातल्या आद्य-ऐतिहासिक धातुकामात याला तोड नाही, आणि बहुतेक पुस्तकांत तो सिंधू संस्कृतीच्या उत्तर काळातला म्हणून छापलेला असतो.

छापलेले इतके निर्विवाद नाही. धातूच्या तपासणीत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून जास्त निघाले. त्या काळच्या दख्खनी तांब्याच्या वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही, म्हणून डी. पी. अग्रवाल यांनी मूर्तींच्या प्राचीनतेवर शंका घेतली. एस. आर. राव, एस. ए. साळी, म. के. ढवळीकर यांनी त्या उत्तर-सिंधू काळाच्याच मानल्या. साळींच्या १९७५ ते १९७९ च्या उत्खननात दायमाबादला त्या काळाचा स्वतंत्र थर मिळाला, त्यामुळे या पक्षाला वजन आले. तरीही दायमाबादला उत्तर-सिंधू थर आहे आणि मूर्ती त्याच थरातल्या आहेत, ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले सिद्ध आहे, दुसरे अनुमान. शेतकऱ्याने काही वावगे केले नाही. बुडखा काढताना कुणी थर पाहत नाही. पण साठ किलो धातू आज ज्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, ते उत्तर त्याच खड्ड्यात मूर्तीखाली सापडलेल्या वाटीभर रंगीत खापरांनी दिले असते.

५. तेरची हस्तिदंती मूर्ती आणि इटलीतली राख

धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनातले तगर. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे व्यापारी नगर असे त्याचे वर्णन आहे. तिथल्या पांढरीत आणि शेतांत सापडणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज गावात आहे. या संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे. तिचे वय इसवी सनाचे पहिले शतक असे सांगतात. ते कशावरून?

तिच्यासारखी एक मूर्ती इटलीत पाँपेई इथे १९३८ मध्ये एका घराच्या अवशेषांत मिळाली. सुमारे २५ सेंटिमीटर उंच, डोक्यातून आरपार भोक असलेली, बहुधा आरशाची मूठ किंवा फर्निचरचा भाग. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पाँपेई इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेले, म्हणून ती मूर्ती त्या वर्षाच्या आधीची, याबद्दल वाद नाही. तिच्यावरून तेरच्या मूर्तीचा अंदाज बांधतात. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७३ च्या उत्खननात तशाच घडणीचा हस्तिदंती नमुना मिळाला, त्याने साखळी आणखी पक्की झाली. म्हणजे लामतुऱ्यांनी प्रेमाने जपलेल्या वस्तूला वय मिळाले ते तिच्या स्वतःच्या मातीतून नव्हे. ज्या दोघींची माती नोंदली गेली होती त्यांच्याकडून ते उसने घ्यावे लागले.

उसनवारीला मर्यादा असते. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. दख्खनमध्ये ती चालत नव्हती. मग ती मूर्ती दख्खनमध्ये घडली की वायव्येत, की दख्खनमधून वायव्येच्या मार्गाने गेली, यावर मतभेद आहेत. तेरला ती मूर्ती हस्तिदंताचे काम करणाऱ्याच्या घरात, तुकड्यांच्या आणि भुशाच्या संगतीत मिळाल्याची नोंद असती, तर वाद निम्मा तरी मिटला असता. लामतुऱ्यांचे ऋण यामुळे कमी होत नाही. त्यांनी गोळा केल्या नसत्या तर वस्तू उरल्याच नसत्या. पण वस्तू वाचवणे आणि पुरावा वाचवणे ही दोन कामे आहेत, आणि दुसरे काम एकट्या हौशी माणसाच्या आवाक्यातले नसते.

६. मध्ययुगीन वस्तू: काही स्वतःच बोलतात

मध्ययुगात येताच चित्र बदलते, कारण लेख येतात. ताम्रपटात दान देणारा, घेणारा, गावाचे नाव, त्याच्या चारी बाजूंच्या सीमा, तिथी, सगळे कोरलेले असते. दान घेणाऱ्याच्या घराण्याने गाव सोडले आणि पत्रे दोनशे मैलांवर निघाले तरी ते कोणत्या भूमीविषयी बोलतात हे कळते. ताम्रपट आपला पंचनामा बरोबर घेऊन फिरतो.

गधेगळाचे तसे नाही. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानलेख, खाली शिव्याशापाचे शिल्प, असा हा दगड दान दिलेल्या जमिनीपाशी उभा करत. दान मोडणाऱ्याला तो तिथेच धाक घालत असे. जागेवरून हलवला की लेख वाचता येतो, पण हद्द हरवते. लेख नसलेल्या वीरगळाची स्थिती सर्वांत बिकट. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा. सगळीकडे मांडणी तीच, नाव कुठेच नाही. वीर कोणत्या गावासाठी, कुठल्या वेशीवर मेला हे फक्त दगडाची जागा सांगते. बोरिवलीजवळ एकसरचे वीरगळ अजून तिथेच उभे आहेत. त्यांवर जहाजांची लढाई आहे, आणि शिलाहार सोमेश्वर व यादव महादेव यांच्या तेराव्या शतकातील झुंजीशी त्यांचे नाते जोडले जाते ते बरेचसे त्या जागेच्या बळावर. जुन्या गोव्यात असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. तिथेही जहाजे कोरलेले वीरगळ पाहायला मिळतात. भिंतीला टेकवून ओळीत लावलेल्या दगडांत कोरीवकाम शांतपणे न्याहाळता येते, पण वीराचे गाव त्या ओळीत दिसत नाही.

७. संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप रसिकांचा: सौंदर्याला दाखल्याची गरज नाही. हे मान्यच आहे. एखादी मूर्ती कुठून आली हे न कळताही मन भरून येते आणि ते खोटे नसते. पण तो अनुभव कलादालनातही मिळतो. पुरातत्त्वाचे संग्रहालय वेगळे काढण्याचे कारण तो नव्हे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची छोटी रोमन मूर्ती आहे, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर मिळालेली. तिच्यापुढे गर्दी होते ती ‘रोमन’ या एका शब्दामुळे. ती काशाच्या इतर वस्तूंबरोबर सापडली आणि त्यांत इथल्या घडणीच्या वस्तूही होत्या, हे कळले की रोमशी व्यापार होता या पाठ केलेल्या वाक्यापुढे जाता येते: परदेशी देव कोल्हापुरातल्या माणसाने आपल्या भांड्याकुंड्यांत ठेवून घेतला होता. सौंदर्य यात कमी झाले नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: लांबलचक पट्ट्या कोण वाचतो? कुणी नाही, कारण आजच्या पट्ट्यांत वाचण्याजोगे काही नसते. ‘काळा पाषाण, ११ वे शतक’ हे शाळकरी मुलाला कंटाळवाणे वाटते. झाडाचा बुडखा खणताना रथ निघाला, हे वाटत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जागाच एवढी महत्त्वाची असेल तर वस्तू हलवूच नये, संग्रहालय हेच मूळ दुखणे आहे. काही बाबतींत हे बरोबर आहे. गावाने शेंदूर लावून जपलेला, वर्षातून एकदा नारळ फुटणारा वीरगळ तिथेच राहू द्यावा. त्याला दालनात आणणे म्हणजे जिवंत नाते तोडणे. मात्र सगळे दगड इतके भाग्यवान नसतात. मंदिराच्या जीर्णोद्धारात वीरगळ पायरीला लागतात, त्यांच्यावर ऑइलपेंट चढतो, विहिरीवर धुण्याचा दगड म्हणूनही ते दिसतात. धरणे, रस्ते आणि प्लॉट तर टेकाडेच गिळतात. तिथे हलवणे भाग आहे. हलवताना छायाचित्र, मोजमाप, नकाशा आणि गावकऱ्यांच्या तोंडची हकीकत घेतली की जागा निदान कागदावर राहते. ट्रॅक्टरमध्ये घालून तालुक्याला नेऊन टाकली की कागदावरही राहत नाही.

चौथा आक्षेप अभिरक्षकांचा: जुन्या संग्रहांची नोंदच नाही, मग सांगायचे काय? जे आहे ते सांगावे. ‘प्राप्तिस्थान अज्ञात, अमुक साली विकत घेतली’ ही पट्टी प्रामाणिक आहे, आणि वस्तू संग्रहात कशी आली हाही इतिहासच आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सिंधमधील मीरपूरखासच्या स्तूपाची मातीची शिल्पे आहेत. हेन्री कझेन्स यांनी १९०९-१० मध्ये तिथे उत्खनन केले तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होते. १९३६ मध्ये ते वेगळे झाले. आज दुसऱ्या देशात असलेल्या गावाची शिल्पे मुंबईत का, याचे उत्तर प्रशासनाच्या जुन्या नकाशात आहे. एका ओळीत सांगता येण्याजोगे हे उत्तर प्रेक्षकाला द्यायला काय हरकत आहे?

८. पट्टीवर काय असावे

नाव, साहित्य आणि काळ यांखाली आणखी तीन गोष्टी पुरेशा आहेत: कुठे आणि कशी मिळाली; सोबत काय होते; काळ कशावरून ठरवला, थरावरून, लेखावरून की नुसत्या शैलीवरून. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची, कारण शैलीवरून दिलेले शतक हे जाणकाराचे मत असते आणि ते मत म्हणूनच वाचले जावे. हे नसेल तिथे प्रेक्षकाने विचारावे. नोंदवही संग्रहालयात असतेच, आणि विचारणारे वाढले की तिच्यातला मजकूर पट्टीवर यायला वेळ लागणार नाही.

ही मागणी नवी नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे असते, आणि त्यात वस्तूचे स्वरूप व अंदाजे किंमत यांबरोबर ती कोणत्या जागी मिळाली हेही लिहायचे असते. नांगर धरणाऱ्या माणसाकडून कायदा जी माहिती जवळजवळ दीडशे वर्षे मागत आला आहे, ती संग्रहालयांनी तिकीट काढून आलेल्या माणसाला द्यावी.